रंगाऱ्याचं बिऱ्हाड

३ जानेवारी, रविवार
चर्चमधली उपासना संपली तरी पाळकांनी मंडळीला बसवून ठेवलं. रंगाऱ्याचं घर काल जळालं म्हणाले. माणसं वाचली – तो, बायको, म्हातारी आई. बाकी राख. कुणाकडे जागा आहे का? सगळे जमिनीकडे बघायला लागले. मीसुद्धा. मग कसा कोण जाणे, माझाच हात वर गेला! अडुसष्ट वर्षांची एकटी बाई, हॉस्पिटलातून निवृत्त झालेली मेट्रन – कोणत्या तोंडाने गप्प बसणार? मागची एक खोली देते म्हटलं. लोक वळून वळून बघत होते. आवडलं. इथे खोटं कशाला लिहू?

४ जानेवारी
आले. एक पिशवी आणि रंगाचे ब्रश. ब्रश त्या दिवशी कामावर नेले होते म्हणून वाचले. खोलीत दोनच खाटा मावल्या. आजींचं, म्हणजे रंगाऱ्याच्या आईचं, अंथरूण दाराशी, जमिनीवर. त्याच म्हणाल्या, मला खालीच बरं.

९ जानेवारी
घर माझं राहिलं नाही. गाळणी सापडत नाही. साखरेचा डबा डावीकडून उजवीकडे गेला. रंगाऱ्याची बायको पहाटे पाचला भांडी घासायला घेते, उपकार फेडायला निघाल्यासारखी. झोपेचं खोबरं! प्रार्थनेत तक्रार केली – प्रभू, तू जागोजागी पाहुणा म्हणून राहिलास, पण कुणाच्या स्वयंपाकघरात ढवळाढवळ केली नाहीस. मग बायबलातली मार्था आठवली – येशू घरी आला तरी कामावरून कुरकुरणारी. गुमान उठून चहा टाकला.

१७ जानेवारी, रविवार
पाळकांनी आज बायबलातल्या गरीब विधवेवर सांगितलं – दानपेटीत दोन नाणी टाकणारी. श्रीमंतांनी उरलेलं दिलं, तिने होतं तेवढं दिलं. आणि मध्येच म्हणाले, आपल्या मेट्रनबाईंचंच उदाहरण घ्या. मान खाली घातली. मागच्या बाकावरून कुणीतरी खांदा दाबला. आजी शेजारीच होत्या. समोर बघत राहिल्या.
घरी आल्यावर जिन्याकडे न बघता स्वयंपाकघरात गेले.

२५ जानेवारी
तीन दिवस तापाने फणफणले होते. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या, माझ्या कपाळावर ठेवायला आजी! त्यांना धड दिसत नाही. एक पट्टी नाकावर आली. दोघी हसलो.
मी विचारलं, सगळं गेलं, भीती नाही वाटत?
“वाटते की,” म्हणाल्या. “पण सकाळी उठलं की कुणाला तरी चहा द्यायचा असतो. त्या नादात विसरते.”
मग म्हणाल्या, देवाने आज तुमचं दुखणं दिलं, नाहीतर मी नुसतीच बसून असते.

७ फेब्रुवारी, रविवार
रंगाऱ्याला गोदामामागे एक खोली मिळाली. दुपारी गेले. आजींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. ते गेल्यावर मी साखरेचा डबा पुन्हा डावीकडे ठेवला. शांत. हेच हवं होतं ना?

१४ फेब्रुवारी, रविवार
उपासनेनंतर त्यांच्याकडे गेले. नव्या चादरी घेऊन. खोली केवढी – चार पावलांत संपते. मध्ये दोरीवर एक चादर टांगलेली. तिच्यापलीकडे कुणीतरी खोकलं.
रंगारी ओशाळला. सांगू लागला – त्याच आगीत होरपळलेला जुना शेजारी. हॉस्पिटलातून गुरुवारी सोडलं. मागेपुढे कुणी नाही. हाताला अजून पट्ट्या, म्हणून आजीच त्याला भरवतात. मी म्हटलं, अरे, तुम्हालाच जागा पुरत नाही!
“अर्ध्यात भागतं,” त्याची बायको म्हणाली.
आणि रंगारी म्हणाला, “मेट्रनबाई, आम्ही हे तुमच्याकडूनच शिकलो.”
चहा दिला त्यांनी. आजी माझ्याकडे बघून हसल्या. त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

१५ फेब्रुवारी
सकाळीच पाळकांकडे गेले. सांगून टाकलं – माझ्याकडे तेव्हा तीन खोल्या रिकाम्या होत्या. मी एकच सांगितली. वरच्या दोन्हींना, ते यायच्या आधी, मी स्वतः कुलूप लावलं. आजींना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं – चुकून जिना चढल्या होत्या, कुलपं हाताला लागली होती. पाच आठवड्यांत एकदाही विचारलं नाही त्यांनी.
दोन्ही खोल्यांच्या किल्ल्या पाळकांच्या टेबलावर ठेवून आले.