आण्णांच्या ओव्यांवर भाषण

शुक्रवार, संध्याकाळ

अजून किळस जात नाही. संग्रहालयाच्या त्या सचिवांचं ते हसणं!

कोंडाबाई केमहून सकाळच्या गाडीने सोलापूरला आल्या, आपल्या वडिलांच्या, आण्णांच्या, धनगरी ओव्या ऐकायला. आण्णा गेले, त्यांचा आवाज उरला तो मी रेकॉर्ड केलेल्या एका कॅसेटवर. नीट जपली जाईल म्हणून मीच ती लोककला संग्रहालयाला दिली होती. बाई दाराबाहेर चपला काढून, डोक्यावर पदर घेऊन बसल्या. कॅसेट लावली, तर कुणा पाहुण्याचं भाषण! ‘लोककलेचा हा ठेवा आपण जपला पाहिजे...’

“ह्यो आमचा आण्णा न्हाय की,” बाई म्हणाल्या.

सचिव हसले. “नव्या दालनाच्या उद्घाटनाच्या दिवशी कोरी कॅसेट मिळेना. यावर जुनं काहीतरी होतं.”

जुनं काहीतरी! आणि वर हसणं. मी नको ते बोलले, तरी सचिव चहा मागवत होते. शी!

स्टेशनवर बाईंना म्हटलं, तुम्हाला आठवतात तेवढ्या ओव्या म्हणा, मोबाईलवर घेते.

“म्हंते की. पर ताई, ठिवणार कुटं?”