लस लागू पडली

३ मार्च, मसाका
एचआयव्हीच्या लसीची ट्रायल. आज पहिलं इंजेक्शन. सिस्टर आचान म्हणाली, "निम्म्यांना लस, निम्म्यांना प्लासिबो, म्हणजे नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय, मलाही ठाऊक नाही. कंडोम सोडायचा नाही, मिस्टर सेम्पाला." दंड ठणकतोय. मिठाच्या पाण्यानं ठणकेल? मला लसच मिळाली.

११ मार्च
सिस्टरनं दिलेले कंडोम शेजारच्या कागिमूला देऊन टाकले. त्याला गरज आहे बिचाऱ्याला. मासळीसाठी उद्या बेटावर. मुक्काम नेहमीसारखा रोझकडे. ही शेवटची खेप, नक्की.

२ एप्रिल
शेवटची नव्हती.

१९ मे
ताप. गळ्याशी गाठी. होडीत भिजलो, दुसरं काय! बायको, नाम्बूझे, म्हणते, "अहो, दाखवून तरी या." बाळंतपण जवळ आलं की बायका धास्तावतात.

८ जून
टेस्ट पॉझिटिव्ह! सिस्टरच बोलली होती, लसीनं अँटिबॉडी तयार होतात, लागण नसली तरी टेस्ट पॉझिटिव्ह येऊ शकते. म्हणजे लस लागू पडली! तिचा चेहरा का उतरला कळेना. मीच तिला धीर दिला. आता रक्तातला विषाणू मोजणार, व्हायरल लोड. मोजू दे.

१५ जून
व्हायरल लोड लाखाच्या वर. मशीन बिघडलंय. परत रक्त दिलं.
सिस्टर म्हणाली, "गोळ्या आजच सुरू करा. आणि बायकोला घेऊन या."
म्हटलं, तिचे दिवस भरत आलेत, उगाच घाबरेल.
ती ओरडलीच, "अहो, म्हणून तर आणा!"
गोळ्या घेतल्या नाहीत. आधी मशीन नीट होऊ दे.

१७ जून
सकाळी सांगणार होतो. नाम्बूझे गुणगुणत होती. राहिलं.

२० जून
दुसऱ्या मशीनवरही तोच आकडा. चर्चमध्ये जाऊन गुडघे टेकले. देवा, मला काय व्हायचं ते होऊ दे. तिला नको.

२३ जून
सांगितलं. ती केळी सोलत होती. "बेटावरची?" एवढंच विचारलं. मी मान डोलावली. सुरी ठेवून ती उठली, "चला." थेट सिस्टरकडे गेलो.
तिचीही टेस्ट पॉझिटिव्ह.
तिला कुणी लस टोचलेली नाही.
सिस्टर म्हणाली, आजपासून गोळ्या घेतल्या तर बाळ लागणीपासून वाचू शकतं. नाम्बूझेनं तिथंच पहिली गोळी गिळली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "यांनाही द्या."