खोट सांगूनच चावी द्यायची

बाबा, पंधरा दिवसांपूर्वी माझं मेडिकल झालं. खाणीत दरवर्षी होतं तेच: डोळे, कान, रक्त, छातीचा फोटो आणि शेवटी डॉक्टरसमोरची खुर्ची. तुम्ही गेलात तेव्हा मी शिवणक्लासला जात होते, म्हणून आधी हे सांगते की तुमची मुलगी आता डंपर चालवते. त्याचं चाक माझ्या डोक्याच्या वर जातं आणि आत बसायला शिडी चढावी लागते. तुम्ही आलापल्लीच्या डेपोत सागाचे लठ्ठे आणायचात ती लॉरी याच्या पोटात मावेल. तुम्ही असता तर आधी टायरला लाथ मारून बघितली असती आणि मग माझ्याकडे बघितलं असतं. लिहायला बसले खरी, पण अंगात त्राण नाही. दमले आहे मी.

मेडिकलची तारीख लागली की आमच्याकडे सगळे एकदम साधुसंत होतात. कुणी बीपीच्या धाकाने मीठ सोडतं, कुणी दारू सोडतं, कुणी बायकोशी भांडण सोडतं. एका जुन्या ऑपरेटरने तर डोळ्यांच्या तक्त्यावरच्या ओळी तोंडपाठ करून ठेवल्या होत्या. या वर्षी तक्ता बदललेला होता. त्याने जुनाच तक्ता खड्या आवाजात म्हणून दाखवला. डॉक्टरांनी शांतपणे शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "छान. आता समोरचा वाचा." बाहेर बाकावर बसलेले आम्ही पोट धरून हसलो. मीही हसले. माझी लबाडी त्याच्यापेक्षा मोठी होती, पण ती ऐकू जाण्यासारखी नव्हती.

मी गोळ्या बंद करायचे. दरवर्षी मेडिकल जवळ आलं की नागपूरच्या डॉक्टरने दिलेल्या गोळ्या पिठाच्या डब्यामागे सरकवायच्या आणि मेडिकल पार पडलं की पुन्हा सुरू करायच्या. रक्तात दिसतील अशी भीती. दिसतात की नाही हे विचारायचं कुणाला? विचारलं की कळलंच. मग झोप जायची, डोक्यात तेच ते फिरत राहायचं, आणि त्याच डोळ्यांनी मी भरलेला डंपर उतारावरून खाली आणायचे. या वर्षी एका वळणावर मला आठवेना की मी हॉर्न दिला की नाही. दिला असेल, नसेल. मी तिथेच थांबले. मागे गाड्यांची रांग लागली, वायरलेसवर सगळे ओरडायला लागले. झालं काहीच नाही. पण माणूस धडधाकट आहे की नाही हे बघण्यासाठी जी तपासणी ठेवली आहे, तिच्यापायीच मी दरवर्षी आजारी पडत होते, हे त्या वळणावर मला पहिल्यांदा नीट दिसलं. आजाराने मी इतकी थकले नव्हते बाबा, जितकी लपवण्याने थकले.

लपवायला तुम्हीच शिकवलंत, हे रागाने म्हणत नाही. माझं मन पहिल्यांदा बिघडलं तेव्हा तुम्ही मला दर महिन्याला एसटीने नागपूरला न्यायचात आणि गावात सांगायचात की पोरीचे दात दाखवायचे आहेत. माझे दात तर कणसाच्या दाण्यांसारखे होते. शेजारची बाई एकदा बसमध्ये भेटली. म्हणाली, "पोरीचे दात त चांगले दिसून राह्यले, भाऊ?" तुम्ही खिडकीतून बाहेर बघत म्हणालात, "आतून किडले आहे." गाव जवळ आलं की तुम्ही मला कोपराने ढोसायचात आणि मी गालाला हात लावून बसायची. एकदा मी विचारलं होतं, काऊन लपवा लागते? तुम्ही तिकिटाची घडी घालून खिशात ठेवलीत. मग म्हणालात, "गाडीची खोट सांगतली त गाडी सुधरते, बाई. मानसाची सांगतली त लोक मानूसच बदलून टाकते."

आणि गाडीच्या बाबतीत तुमच्याइतका काटेकोर माणूस मी पाहिला नाही. लॉरीवर तुम्ही दोघे ड्रायव्हर होतात. काय बिघडलं आहे ते तोंडाने सांगितल्याशिवाय चावी एकमेकांच्या हातात द्यायची नाही, हा तुमचा नेम. एकदा जेवताना तुम्हाला आठवलं की ब्रेक डावीकडे ओढतो हे सांगायचं राहिलं. हातातला घास ताटात ठेवून तुम्ही सायकल काढलीत. आई चिडली, "उद्या सांगजा ना." तुम्ही म्हणालात, "उद्यापर्यंत तो राह्यला पायजे ना." दुपारच्या उन्हात डेपोपर्यंत जाऊन आलात आणि थंड झालेला भात खाल्लात. आमच्याकडेही तीच रीत आहे. माझ्या गाडीवर दुसऱ्या पाळीला एटापल्लीकडची एक बाई असते. उतरताना ती मला आणि मी तिला गाडीचं दुखणं सांगितल्याशिवाय जागा सोडत नाही.

त्या दिवशी डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, "काही गोळ्या सुरू आहेत?" दरवर्षी विचारतात. दरवर्षी मी नाही म्हणते. या वेळी तुमची ती सायकल डोळ्यांसमोर आली. मी म्हटलं, "होत्या. मेडिकलसाठी बंद केल्या." त्यांनी पेन खाली ठेवलं. कशाच्या, कधीपासून, सगळं विचारलं, आणि मीही सांगत गेले. शेवटी म्हणाले, "गोळ्या सुरू असत्या तर मला एवढी काळजी नव्हती. बंद करून गाडी चालवली, त्याची आहे." नागपूरच्या डॉक्टरचं पत्र येऊन इथल्या साहेबांचं ठरेपर्यंत डंपर बंद. आता मी ट्रेनिंगच्या खोलीत बसते आणि नवीन पोरींना सुरक्षेचे व्हिडिओ लावून देते.

जोडीच्या बाईने पहिल्याच दिवशी विचारलं, "काऊन वं, खाली काऊन बसली?" माझ्या तोंडून आपोआप निघालं, "दात दुखून राह्यला." दुसऱ्या दिवशी मला माझीच लाज वाटली आणि मी तिला खरं सांगितलं. ती डबा खात होती. म्हणाली, "मंग आता घेऊन राह्यली ना गोळ्या?" मी हो म्हटलं. "मंग ठीक आहे," म्हणाली आणि पुढे सांगू लागली, "आपल्या गाडीची सीट हलून राह्यली, ध्यानात ठेवजो." जशी काही उद्या मीच बसणार आहे. मी हात धुवायच्या निमित्ताने उठले आणि नळापाशी जाऊन रडले.

पत्र आलं आहे. निर्णय आलेला नाही. मला भीती वाटते बाबा. त्या उंचीवर बसले की मी कुणाची आजारी पोर नसते. ती जागा गेली तर कदाचित तुमचंच म्हणणं खरं ठरेल. नाही ठरलं तर मला आवडेल, तुम्हालाही आवडेल.

हे तुमच्या फोटोमागे ठेवणार होते. पण आई रोज फोटो पुसते, तिच्या हाती लागेल, म्हणून डब्याच्या पिशवीतच राहू देते. आई अजूनही म्हणते की तुमची पाठ भरायची. पावसाळा सरला की तुम्ही महिना महिना रजेवर, मागच्या अंगणात भिंतीकडे तोंड करून बसलेले. ना बोलणं, ना अंघोळ. मी मोहाचं तेल कोमट करून तुमची पाठ चोळायची. कुठी दुखते, विचारलं की तुम्ही म्हणायचात, "अजून थोडं वर." मानेपर्यंत हात यायचा तरी तुम्ही अजून वरच म्हणायचात. माझी वेळ आली तेव्हा मला कळलं की मी इतकी वर्षं कशावर तेल चोळत होते.

मेडिकलच्या डॉक्टरांनी मी उठता उठता आणखी एक विचारलं होतं, "घरात आधी कुणाला असा त्रास होता?" मी म्हटलं, "नाई. बाबाची पाठ दुखत राहे, तेवढंच."