निघताना वाजवायची नाही

८ जानेवारी २००४
सोसायटीच्या भिंतीला लागून असलेल्या बागेत आज नळ्या बसवल्या. लोखंडी, पितळी, माणसाएवढ्या उंच, ओळीने टांगलेल्या. बडवायला साखळीला बांधलेले लाकडी ठोकळे. वाजणारी शिल्पं म्हणे! सगळी कॉलनी ठणाठणा बडवत सुटलीय. फुकट असलं की प्रत्येकाच्या अंगात कला येते.

११ जानेवारी
सासूबाईंना बागेत नेलं. सासरे गेल्यावर नामपूरहून आल्या त्याला वर्ष होईल. दिसतं अंधुक, करमत नाही. सगळ्यात मोठ्या नळीपुढे त्यांनी चपला काढल्या, एक ठोका दिला आणि हात जोडले! शेजारच्या लताबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, "आत्याबाई, ही घंटा नाही."
"मंग देवले कसं समजी, मी उनू म्हनीसन?"
देवाला आल्याची वर्दी म्हणे! परत फिरताना मी गंमत म्हणून ठोकळा उचलला, तर त्यांनी मनगटच धरलं. म्हणाल्या, निघताना वाजवायची नाही. देवाला वाटतं, ही कायमची चालली.

२५ जानेवारी
आता एकट्या जातात. मागच्या फाटकातून दहा पावलं. मी ओट्याशी असते. ठण्ण — खोल, लांब, एकदाच. पोचल्या. मग मी चहा टाकते.
नळीला कुंकू लागलंय. लताबाईंनीही लावलं! हसत होत्या ना?

३ फेब्रुवारी
दहावीची शिकवणी आणि बाहेर ठणठणाट. परीक्षा तोंडावर, पोरांचं लक्ष खिडकीत. डोकं फिरलं. बागेच्या ऑफिसात जाऊन खडसावून आले.

६ फेब्रुवारी
ठोकळे काढून नेले. नळ्यांना काथ्या गुंडाळला. काय शांतता! प्रमेय एका दमात झालं.
सासूबाई गेल्या तशा परत आल्या. म्हणाल्या, वाजत नाही. मी म्हटलं, दुरुस्ती चालू असेल. खोटं किती पटकन येतं तोंडात! त्यांचा विचार माझ्या मनाला शिवलाही नव्हता.

९ फेब्रुवारी
गेल्या नाहीत.

१५ फेब्रुवारी
आजही नाही. पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसतात. आज म्हणाल्या, गावाला धाडा. का, विचारलं.
"आठे कोनले सांगू, मी उनू म्हनीसन?"
जिभेवर आलं होतं — इथलं सांगणं मीच बंद करवलं. गिळलं. ह्यांना वाटतं, हवापालट होईल, राहू दे चार दिवस. चार दिवसांसाठी कुणी ट्रंक नेतं का?

४ मार्च
सासूबाई नामपूरला, दिरांकडे. घर शांत. मला हवं होतं तसंच. संध्याकाळी ओट्याशी उभी राहते आणि चहा टाकायचं सुचत नाही. मी अशी कशी ग! गणितं शिकवते, आणि एवढं साधं कळलं नाही.

८ मार्च
पुन्हा ऑफिसात. मुकादम म्हणाले, "ताई, तुम्हालाच त्रास होत होता ना?" खाली मान घालून म्हटलं, निदान मोठी नळी तरी सोडा.

१६ मार्च
सोडली! ठोकळाही परत लावला. लगेच नामपूरला फोन लावला. सासूबाईंना सगळं सांगून टाकलं — तक्रार माझी, दुरुस्तीचं खोटं. मग म्हणाल्या, "येसू, एकदाव."
एकदा का होईना, येणार!

२१ मार्च
आल्या! दिरांनी एसटीत बसवलं, ह्यांनी स्टँडवरून आणलं. ट्रंक मागाहून येईल बहुतेक, सोबत कापडी पिशवीच आहे. माझ्या डोक्यावरून हात फिरवला. रागावल्या नाहीत. पाणी प्यायल्या आणि लगेच बागेत गेल्या.
वाजली! तीच, खोल, लांब. मी ओट्याशी रडले खुशाल. चहा टाकलाय.

आजच, थोड्या वेळाने
पुन्हा वाजली. वाटलं, एखादं पोर असेल. खिडकीतून पाहिलं. सासूबाईच. पायात चपला होत्या. ठोकळा अजून हातात होता.