मधल्या खोलीची ओली फरशी

॥ श्री ॥
राजापेठ, अमरावती
दि. ५ ऑगस्ट २०२५

ती. माणिकआत्यास,
वर्षालीचा शि. सा. न. वि. वि.

आम्ही सगळे खुशाल. फोनवर तुला माझं काही ऐकू येत नाही, आणि तुझं बोलणं मात्र गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जातं, म्हणून आपलं पत्रच बरं. तुमचा टेम्पोवाला कुलदीप इथे फुलं उतरवून परत निघाला की त्याच्याच हाती देईन.

नागपंचमीला तुझ्याकडून आणलेलं कुत्र्याचं पिल्लू, आपली बुंदी, आता घराला रुळली. अंगावरच्या पिवळ्या ठिपक्यांमुळे नाव सगळ्यांना पटलं, पण कौतुक तेवढ्यावरच थांबलं आहे. दिवसा तिची काही तक्रार नाही, घडीघडी बाहेर नेता येतं. रात्री मात्र रोज मधल्या खोलीत ओलं करते. त्याच खोलीत आमचं देवघर, आणि महालक्ष्म्या बसतात त्याही तिथेच. बाहेर बांधावं तर रस्त्यावरची मोठी कुत्री तिला ठेवायची नाहीत.

सासूबाईंनी काल सांगून टाकलं, की महालक्ष्म्या घरी यायच्या आत फरशी कोरडी दिसली पाहिजे, नाहीतर पिल्लू ज्या टेम्पोतून आलं त्याच टेम्पोतून पातूरला जाईल. वर म्हणाल्या, लोकांच्या सुना माहेराहून लुगडी आणतात, आमच्या सुनेने मुतणारं कुत्रं आणलं. हे म्हणाले, आईशी तूच बोल, आणि समोरच्या खोलीत आपल्या क्लासच्या पोरांना बीजगणित शिकवायला निघून गेले.

आत्या, तुला म्हणून सांगते. मला या घरात दीड वर्ष झालं. पडदे कोणते, भाजी कोणती, टीव्ही कधी बंद, सगळं मी यायच्या आधीच ठरलेलं होतं. त्रास कोणी देत नाही, पण विचारतही कोणी नाही. बुंदी ही मी माझ्या मनाने आणलेली पहिली गोष्ट. ती परत गेली तर मी पुन्हा काही आणायची नाही. पिल्लू रात्रभर कोरडं कसं राहतं ते मला नीट समजावून लिही.

सासूबाईंचा एक निरोप. ओलं झालेलं पुसलं की त्या तिथे गोमूत्र शिंपडतात. बाजारच्या बाटलीवर त्यांचा विश्वास नाही, म्हणून तुझ्या कपिलेचं पाठवशील का, असं विचारलं आहे.

तुझी माया आहेच, ती उणी होऊ देऊ नको.

तुझी,
वर्षाली

॥ श्री ॥
पातूर, जि. अकोला
दि. ८ ऑगस्ट २०२५

चि. सौ. वर्षाली हिस,
आत्याचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. मी शाळेत गेलेली नाही, किराण्याच्या पुड्यांवरून अक्षर शिकले, तेव्हा माझे ऱ्हस्व-दीर्घ तू वाचता वाचता सरळ करून घे. इकडे झेंडू जोरात आहे. माल आधी अकोल्याला उतरतो, उरलेला तुमच्याकडे येतो, आणि कुलदीप जाता-येता गाणी म्हणतो म्हणे. फुलं सुकतात ती त्याच्या गाण्यानेच.

आता बुंदीचं. तू तिला रात्री दूध पाजत असशील, खरं सांग. बाई, अडीच महिन्यांचं लेकरू ते, त्याची मुताची पिशवी लिंबाएवढी. तीत तू वाटीभर दूध ओतलंस तर ते जाईल कुठं? दिवेलागणीला तिचं खाणं उरकून टाक. त्यानंतर पाणी घोट-दोन घोट दे. अगदी तोडू नको, उन्हाळ्यात तर मुळीच नको.

झोपायच्या आधी तिला मागच्या अंगणात ने, रोज त्याच जागी. तिथे खेळू नको, गप्पा मारू नको, खांबासारखी उभी राहा. तिचं काम झालं की मग पाहिजे तेवढे लाड कर. कुलदीपच्या हाती टमाट्याचं रिकामं कॅरेट पाठवते. त्यात जुनं लुगडं अंथर आणि तुझ्या पलंगाशी ठेव. कुत्रं आपल्या अंथरुणात सहसा घाण करत नाही. तिला लागली की कुईकुई करेल, तेव्हा आळस न करता उठ आणि तिला अंगणात घेऊन जा. असं थोडे दिवस करावं लागेल. लेकरू वाढतं तशी पिशवीही वाढते.

आणखी एक. ओलं टिपलेलं फडकं धुऊ नको, अंगणात तिच्या जागी दगडाखाली ठेव. जिथं मुताचा वास, तिथं तिची मोरी. आपण पाटी वाचून जातो, ती नाकाने वाचून जाते.

मारू मात्र नको. आपले शेजारचे शेषराव, त्यांनी त्यांच्या कुत्र्याचं नाक त्या ओल्यात घासलं होतं. ते कुत्रं एवढंच शिकलं, की शेषराव दिसले की पलंगाखाली जाऊन मुतायचं.

कपिलेचं गोमूत्र पहाटेचं धरून, गाळून दोन बाटल्या पाठवते. विहीणबाईंना म्हणावं, हात आखडू नका, लागेल तेवढं पाठवीन. आपल्या लेकीच्या घरासाठी तेवढंही करू नये का?

जावईबापूंना आशीर्वाद सांग. आमच्यावर जीव आहे तसा राहू दे.

तुझी,
माणिकआत्या

॥ श्री ॥
राजापेठ, अमरावती
दि. १९ ऑगस्ट २०२५

ती. आत्यास,
वर्षालीचा शि. सा. न. वि. वि.

दूध पाजत होते. कबूल. आता बंद केलं.

तू सांगितलंस ते सगळं करते आहे. कॅरेटमध्ये बुंदी शहाण्यासारखी झोपते, लुगडं एकदाही ओलं केलं नाही. लागली की कुईकुई करते, मी उठते. इथवर सगळं छान. पण आमच्या खोलीतून अंगणात जायचं तर मधली खोली ओलांडावी लागते. बुंदी झोपेत डुलत माझ्यापुढे चालते, देवघराशी आली की थांबते, जमीन हुंगते आणि तिथेच बसते. अंगण चार पावलांवर असतं गं! मग आवाजाने सासूबाई उठतात, पुसतात, वर गोमूत्र शिंपडतात, आणि मला काही न बोलता झोपतात. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. यांनी तर झोपेतच विचारलं, की पुन्हा तिथेच का, तिला नकाशा दिला आहे का.

तो नकाशा कोणी दिला ते मला आता कळलं. सुरुवातीला ती आमच्या खोलीतही ओलं करायची. तिथे मी नुसती साबणाने पुसायचे, कारण सासूबाई तिकडे येत नाहीत. तिथे तिने पुन्हा कधी केलं नाही. आणि परवा गोकुळाष्टमीला सासूबाईंनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीही गोमूत्र शिंपडलं, म्हणाल्या, आधीच शुद्ध असलेलं बरं. त्या जागी बुंदी तोवर कधीच गेली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे ओलं.

मी तुझं पत्र काढून पुन्हा वाचलं. जिथं मुताचा वास, तिथं तिची मोरी. आत्या, गाईचं असलं तरी ते मूतच ना! तू तिकडून बाटल्या भरून पाठवतेस, सासूबाई इकडे मनोभावे शिंपडतात, आणि त्या पिल्लाला वाटतं, आपल्याला जागा दाखवून राहिले आहेत.

आता हे सासूबाईंना कसं सांगू? ज्या गोष्टीने त्यांच्या मते घर शुद्ध होतं तिनेच घाण होते आहे, हे सुनेच्या तोंडून त्यांना कसं लागेल! आणि सांगितलं नाही तर महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी बुंदी गेलीच. काय करू ते लवकर लिही. बाटल्या संपत आल्या आहेत आणि सासूबाई आणखी मागवणार आहेत.

मायेचा हात डोक्यावर असू दे.

तुझी,
वर्षाली

॥ श्री ॥
पातूर
दि. २२ ऑगस्ट २०२५, पोळा

चि. सौ. वर्षाली हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी ओट्यावरच बसून राहिले. आधी लाज वाटली, मग इतकी हसले की शेषरावांची बायको पाहायला आली, म्हातारीला काय झालं म्हणून. उपाय मी लिहायचा आणि बिघाडही मीच बाटलीत भरून पाठवायचा! तुझे बाबा लहानपणी मला म्हणायचे, माणिक, तू मदतीला आलीस की काम दुप्पट होतं. ते आज पटलं.

तू काळजी करू नको. विहीणबाईंचं मन मोडायचं काही कारण नाही. मी कुलदीपला सांगून ठेवलं आहे, की अमरावतीला गेला की म्हणायचं, कपिलेला ताप आहे, सुया चालू आहेत, सध्या गोमूत्र निघणार नाही. झालं! बाटली नाही तर शिंपडणं नाही. महालक्ष्म्या होऊन जाऊ दे, मग पुढचं पुढे पाहू. तोवर तू मधली खोली आणि उंबरा गरम पाण्याने, साबणाने चांगला घास, लिंबू पिळलेल्या पाण्याने पूस आणि पंखा लावून वाळव. वास मुळापासून गेला पाहिजे.

खोटं बोलणं वाईट, मला कळतं. पण हे कुणाच्या वाईटासाठी नाही. आज पोळा, बैलांना पुरणपोळी दिली. कपिलेलाही एक दिली, तिच्या नावावर एवढा मोठा ताप चढवला म्हणून.

राग न धरता लोभ धर.

तुझी,
माणिकआत्या

॥ श्री ॥
राजापेठ, अमरावती
दि. २७ ऑगस्ट २०२५

ती. आत्यास,
वर्षालीचा शि. सा. न. वि. वि.

आज गणपती बसले. घरात मोदक आहेत आणि बोलणं नाही.

तुझ्या कुलदीपला एवढंसं सांगायला सांगितलंस, त्याने नाटक केलं. कपिला चारा खात नाही, उठत नाही, डोळ्यांतून पाणी गळतं, असं सगळं सासूबाईंना सांगितलं. त्या हातातलं काम टाकून बसल्या. संध्याकाळी देवापुढे कपिलेच्या नावाने वेगळा दिवा लावला. दुसऱ्या दिवशी सोमवार, तर तिच्यासाठी उपास धरला. त्यांना साखरेचा आजार, दुपारी हातपाय थरथरायला लागले. उरलेली बाटली त्या थेंबथेंब पुरवून वापरत होत्या.

मला राहवलं नाही. परवा मी त्यांच्यापुढे बसले आणि सांगून टाकलं, की कपिला ठणठणीत आहे, आणि बुंदी मधल्या खोलीत का बसते तेही. भीती वाटत होतीच. पण मनात आलं, खोटं बोलून बुंदी राहिली तर ती तुझ्या युक्तीने राहील, माझ्या शब्दाने नाही. मग राहिली काय आणि गेली काय.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. एवढंच म्हणाल्या, या घरात आजवर कोणी गोमूत्राला नाव ठेवलं नव्हतं. बाटली उचलली, मागच्या अंगणात गेल्या, परत आल्या तेव्हा बाटली रिकामी होती. तेव्हापासून माझ्याशी बोललेल्या नाहीत. कुलदीपला मात्र यांच्या फोनवरून निरोप दिला आहे, की शनिवारी येशील तेव्हा झाकणाचं टोपलं आण.

तुझा राग नाही आत्या. आठवण ठेव.

तुझी,
वर्षाली

॥ श्री ॥
राजापेठ, अमरावती
दि. ३० ऑगस्ट २०२५

सौ. माणिकबाई विहीणबाईंस,
पार्वताबाईचा स. न. वि. वि.

तुमची कपिला खाऊन-पिऊन मजेत आहे हे समजलं. तिच्या नावानं लावलेला दिवा वाया गेला असं मी समजत नाई. पुढं कधी खरंच आजारी पडली तर कामी येईल. अन् तुमच्या त्या कुलदीपले टेम्पो काहून चालवाले लावता? त्याले तमाशात पाठवा.

तुमच्या भाचीनं मले तोंडावर सांगतलं, का आई, तुमी शिंपडता म्हणून ते मुतते. मले लय राग आला. पण भेत भेत का होईना, तिनं वाक्य पुरं केलं. ते मी पाहिलं. मंग म्हटलं, राग एका जागी अन् पारख एका जागी. उरलेली बाटली मी अंगणात पेरूच्या झाडाखाली शिंपडली. गणपती बसले त्या सांजेले मधली खोली अन् उंबरा सोड्यानं घासला, लिंबाच्या पाण्यानं पुसला. वर्षालीले काईच सांगतलं नाई. कोण खरं ते पिल्लानंच सांगावं.

रात्री ते कुईकुई करून राहिलं तवा मी जागीच होती. मले साखरेपायी रात्रीतून उठाच लागते. वर्षाली त्याले घेऊन निघाली. बुंदी देवघरापाशी थांबली नाई, उंबऱ्यापाशी थांबली नाई, सरळ पेरूखाली जाऊन बसली. मी खाटेवरून पाहिलं अन् डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या रात्रीपासून म्या तिच्या दाराशी जाऊन सांगतलं, तू झोप, मी तशीही उठतेच. विहीणबाई, आमचं दोघीचं एकच दुखणं, तिची पिशवी लहान अन् माही म्हातारी. आमी दोघी जाऊन येतो. ते पेरूखाली, मी मोरीत. कोणाचं आधी आटपते ते आमचं आमाले माहीत. फरशी तवापासून कोरडी आहे. उद्या महालक्ष्म्या येतात, तीन दिवस ते पिल्लू देवानंदच्या क्लासच्या खोलीत राहील, पोरांले सुट्टी आहे. हे मात्र मी ठरोलं आहे, अन् त्यात कोणाचं चालणार नाई.

कुलदीप आता टोपलं घेऊन दारात उभा आहे, त्याले चहा देल्ला. त्याले म्या रागात बोलावलं होतं, पण बोलावलं तर होतंच. म्हणून वर्षालीले आवाज देल्ला अन् विचारलं, का हे पिल्लू पाठवायचं का ठेवायचं. ते माह्याकडं असं पाहून राहिली, जसं मी तिले भलत्याच घरचा पत्ता विचारला. मंग मी पुन्हा विचारलं. ते म्हणे, ठेवायचं. मी कुलदीपले सांगतलं, घेऊन जा तुहं टोपलं, सूनबाई नाई म्हणते.

तिथंच थांबती तर बरं होतं. पण तिनं लगेच पुढं सांगतलं, का आई, बुंदीचं रात्रीचं पाणी कमी केलं तसा आता तुमचाही झोपताना घ्यायचा चहा बंद, म्हणजे उठा लागणार नाई. बिनसाखरेचाही नाई म्हणे! मी देवानंदकडं पाहिलं, तो पोरांच्या वह्या तपासाले निघून गेला. इतकी वर्षं मी कोणाले काई विचारलं नाई ते उगाच नाई, हे आता तुमाले समजलं असेल. तुमचं ते ऐकते. माह्या अर्ध्या कपासाठी तिले दोन शब्द लिहा.

जिव्हाळा आहे तो वाढवा, अन् महालक्ष्म्यांच्या जेवणाले पोटभर वेळ काढून या.

आपली,
पार्वताबाई