कमी-जास्त बोलले असेन तर

वाडी, नागपूर
४ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. रोशनीस,
आईचा सप्रेम जयभीम आणि पोटातल्या बाळाला पापा.

फोनवर तू रडतेस आणि मी चिडते, म्हणून लिहून काढलं. तुझा भाऊ प्रशिक या पत्राचा फोटो पाठवेल.

काल माझ्या व्हिसाच्या तक्रारीची एकदाची सुनावणी झाली. तुमच्या तिकडच्या सरकारने व्हिसाचं काम ज्या खाजगी कंपनीला दिलंय, तिच्याच इथल्या केंद्रात मला बसवलं. तक्रार ऐकणाऱ्या स्वतंत्र कार्यालयाच्या बाई पडद्यावर होत्या. मी सगळं सांगितलं. खानावळीत भाकरी थापून माझी बोटं झिजली, मशीनवर उमटत नाहीत. त्यावरून काउंटरवरच्या गार्गी मॅडमने चारचौघांत माझे हात घाणेरडे म्हटले, आणि वर लिहिलं की बाईने सहकार्य केलं नाही. त्यावरच तर व्हिसा नाकारला. मी मराठीत बोलत होते, कंपनीचे मॅनेजर जितेंद्र साहेब इंग्रजीत सांगत होते. शेवटी रीतीप्रमाणे म्हटलं, कमी-जास्त बोलले असेन तर माफ करा. बाई गोड हसल्या. काम झालं समज.

जावईबापूंना वरण तरी येतं का गं? डिंकाचे लाडू मी घेऊन येतेच.

जीव लावून आहेस, तशीच राहा.
तुझी आई, सिंधू

१३ ऑक्टोबर २०२५

ती. आईस,
रोशनीचा सविनय जयभीम.

आई, काम झालं नाही. त्या बाईंचा फोन आला होता. तू चूक कबूल करून माफी मागितलीस, म्हणून तक्रार बंद केली म्हणाल्या. माझा संताप संताप झाला. नाव स्वतंत्र कार्यालय, आणि खोली कंपनीची, दुभाषी कंपनीचा! चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. मी त्यांना सांगितलं, आमच्याकडे लोक लग्नात पाहुण्यांना पोटभर जेवू घालतात आणि वर म्हणतात, काही कमी-जास्त झालं असेल तर माफ करा. ती माफी नव्हे, ते वळण आहे. तेव्हा बाई म्हणाल्या, पुन्हा ऐकू, दुभाषी आमचा असेल. पण तारीख जानेवारीची आहे. माझे दिवस डिसेंबरात भरतात. मला तू हवी आहेस गं.

बाबांना जयभीम. माया आहेच, ती कमी करू नकोस.
तुझी रोशनी

२० ऑक्टोबर २०२५

चि. सौ. रोशनीस,
आईचा जयभीम व आशीर्वाद.

तुझं पत्र वाचता वाचता तव्यावरची भाकरी करपली. माझ्या तोंडचा शब्द त्या माणसाने माझ्याच गळ्यात घातला!

काल तोच जितेंद्र खानावळीत आला. चहा प्यायला आणि गोड गोड बोलला. गैरसमज माझाच होता असं लिहून सही दिली, तर लगेच नवी अपॉइंटमेंट, महिनाभरात व्हिसा, आणि नातवंड माझ्या हातात. तुझे बाबा म्हणाले, कर सही, पोरगी एकटी आहे. खरं सांगते, मी पेन हातात घेतला होता.

मग विचारलं, केंद्रात माझ्यासोबत रांगेत होत्या त्या कोराडीच्या अंजनाबाईंचं काय? त्यांच्याही नावावर हेच लिहिलंय आणि त्यांचा मुलगा तिकडे दवाखान्यात पडलाय. तो म्हणाला, तुम्ही तुमचं पाहा.

तेव्हा माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, “सहकार्य नाही केलं म्हणून लिहिलं होतं न तुमी? ते खोटं होतं. आता खरं करते.” आणि पेन त्याच्या खिशात खोचून दिला.

बाळंतपणात मी नसेन. लिहिताना रडू येतंय, लपवत नाही. जावईबापूंना तेल चोळायला शिकव, आणि पहिले दिवस गार पाण्यात हात घालू नकोस. अंजनाबाईंनीही आता तक्रार केली आहे. जानेवारीत त्याही माझ्यासोबत येणार आहेत.

बाळ आलं की त्याला सांग, आजीला उशीर होतोय, पण ती खोट्यावर सही करून आली नाही.

माझ्यावर रागावलीस तरी लोभ तोडू नकोस.
तुझी आई, सिंधू