अप्पांच्या खुर्चीतला माणूस

१४ मार्च

ती. दादा,

नमस्कार. साष्टांग या वेळी राहू दे, माझी कंबर धरली आहे. दिवसभर एडिटिंगच्या खोलीत बसल्यावर ती धरणारच, असं तू म्हणशील आणि तुझं बरोबर असेल. तुझं बहुतेक बरोबरच असतं.

इकडे सगळं ठीक. अप्पांचा गुडघा बरा आहे. काल प्लंबर येऊन नळाची गळती थांबवून गेला. जाताना त्याने माझं अभिनंदन केलं आणि मी पिक्चरमध्ये नक्की काय करते ते विचारलं. नको ते कापून टाकते, म्हटलं. त्याला पटलं.

फोन उचलत नाही म्हणून तू पाठवलेलं पत्र मिळालं. रविवारी फोटोग्राफरला घेऊन माझी मुलाखत घ्यायला येतोस, असं लिहिलंयस. त्याचं शेवटी सांगते.

पुरस्कारांच्या निकालानंतरचा तुझा लेख वाचला. एक सोडून सगळे अंदाज बरोबर. तो एक म्हणजे मी. 'उत्कृष्ट संकलन: धक्कादायक निकाल'. त्याचं मला फारसं वाटलं नाही. तू दरवर्षी प्रत्येक पुरस्कारासमोर दोन नावं देतोस, कोणाला मिळेल आणि कोणाला मिळायला हवा. 'मिळेल'मध्ये मी नव्हते, ठीक आहे. तो तुझा धंदा, वारा बघूनच लिहावं लागतं. पण 'मिळायला हवा' तिथे तुझा हात कोणी धरला होता? सख्ख्या बहिणीचं नाव लिहिलं तर लोक हसतील, असं तू तेव्हा फोनवर म्हणाला होतास. हसले असते, दादा. चार दिवस हसले असते आणि विसरले असते.

असो. हे लिहायचं नव्हतं.

मला सोहळ्याचे दोन पास मिळाले होते, एक माझा आणि एक अप्पांचा. त्यांनी कोट इस्त्री करून आणला होता, टॅक्सी सांगून ठेवली होती. मी दुपारपासूनच तिकडे होते. संध्याकाळी बघते तर शेजारची खुर्ची रिकामी, आणि आमचे फोन दारातच काढून घेतलेले. कार्यक्रम सुरू होणार तेवढ्यात सूट घातलेला एक म्हातारा माणूस तिथे येऊन बसला. ही माझ्या वडिलांची जागा आहे, म्हटलं. ते आले की उठतो, असं तो हळूच म्हणाला. कॅमेऱ्यात रिकामी खुर्ची दिसू नये म्हणून आयोजक अशी नीटनेटक्या कपड्यांतली माणसं रोजावर आणून बसवतात. तुला माहीतच आहे. तू त्यावर एकदा विनोदी लेख लिहिला होतास.

माझं नाव पुकारलं तेव्हा मी उठलेच नाही. तुझं भाकीत वाचून गेले होते ना. त्या माणसाने माझ्या कोपराला हात लावला आणि म्हणाला, "पोरी, तुझंच नाव घेतलं. ऊठ." मग तो उभा राहून टाळ्या वाजवायला लागला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तेवढं काही त्याच्या रोजात धरलेलं नसणार.

स्टेजवर मी दिग्दर्शकाचे वगैरे आभार मानले. अप्पांचं नाव ओठांवर आलं, त्यांच्या खुर्चीकडे बघितलं आणि ते घेतलंच नाही. तशीच खाली उतरले.

घरी आले तर अप्पा झोपले होते. टीव्हीही लावला नव्हता. गुडघा दुखत होता, म्हणाले. मीही विश्वास ठेवला. दुसऱ्या दिवशी कार्यक्रम पुन्हा दाखवला तेव्हा आम्ही दोघांनी मिळून बघितला. माझं नाव घेतल्याबरोबर कॅमेरा त्या माणसावर गेला आणि निवेदिका म्हणाली की वडिलांचा आनंद बघा. अप्पांनी टीव्हीचा आवाज कमी केला. मग म्हणाले, "दादाचा दुपारी फोन आला होता. म्हणाला, तिला मिळणार नाही, अप्पा. तिला हरताना बघायला कशाला जाता?"

गुडघ्याचं निमित्तही तूच सुचवलं होतंस.

तू वरच्या सज्जात पत्रकारांमध्ये होतास. त्या खुर्चीत कोण बसलंय ते तुला दिसत होतं. दुसऱ्या दिवशी तुझ्याच पेपरात, तुझ्याच लेखाशेजारी त्या माणसाचा फोटो आला, 'लेकीच्या यशाने भारावलेले वडील'. तू तो तसाच जाऊ दिलास. आणि आता मुलाखतीबद्दल लिहितोस की फोटोत अप्पा नकोत, वाचकांचा गोंधळ होईल.

तुझं पत्र अप्पांना वाचून दाखवलं. ही एक ओळ गाळली. तू येणार म्हणून ते खूश झाले, मग जरा घुटमळले आणि म्हणाले, "आयोजकांकडून त्या माणसाचा पत्ता मिळेल का गं? तुझं नाव घेतलं तेव्हा तू कशी दिसत होतीस, ते विचारायचंय. टीव्हीवर तर तोच दिसला."

मला तुझा राग येतो, दादा.

पत्ता मिळाला. तो माणूस रविवारी जेवायला येतोय. अप्पांनी कोट पुन्हा इस्त्रीला दिलाय.

तू येऊ नकोस.

तुझी धाकटी बहीण
(याला काही इलाज नाही)